सशाचे जुलाब आणि डॉक्टरची चूक

या सदरात दर आठवड्याला आपण माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतो. रक्तदाब, मधुमेह, मुलांचा खोकला, पावसाळ्यातली गॅस्ट्रोची साथ हे विषय वाचकांच्या चांगल्या परिचयाचे झाले आहेत. आज मात्र सशांच्या पोटाविषयी लिहिणार आहे. "डॉक्टरसाहेब आता जनावरांचाही दवाखाना उघडणार की काय?" असे काही वाचक म्हणतील. तसे काही नाही. एम.बी.बी.एस.ला आम्हाला माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यावर उपचार करायला शिकवत नाहीत. नेमकी हीच गोष्ट मी एकदा विसरलो आणि त्या विसराची किंमत एका कष्टाळू बाईला मोजावी लागली.

गोष्ट २००९ सालच्या पावसाळ्यातली आहे. रविवार होता, बाजारचा दिवस. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या खेड्यातल्या एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या घशात टॉन्सिलवर पू धरला होता, अंगात ताप होता. मी अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून दिले. उठता उठता बाईंनी विचारले, "डॉक्टर, आमच्या सशांच्या पिल्लांस्नी ढाळ लागल्यात. जनावराचा दवाखाना आज बंद हाय. त्यास्नी काय देता येईल का?"

बाईंनी बचत गटाचे कर्ज काढून ससे पाळले होते. दीड महिन्याची, नुकतीच आईपासून तोडलेली तीस पिल्ले होती. चोवीस घरी होती आणि सहा जावेकडे सांभाळायला दिली होती. घरच्या चौघांना पातळ शी होत होती. बाहेर पेशंटची रांग होती. मी मान वर न करताच म्हणालो, "मुलाला दिलंय तेच औषध द्या. आणखी एक लहान बाटली घ्या. चार-चार थेंब सकाळ-संध्याकाळ. आणि सगळ्यांनाच द्या, म्हणजे साथ पसरणार नाही." बाई समाधानाने गेल्या. सल्ल्याचे मी पैसेही घेतले नाहीत आणि आपण उपकार केला असे मला वाटले.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. मुलगा ठणठणीत होता. "आणि ससे?" मी सहज विचारले. बाई खाली बघत म्हणाल्या, "चोवीसातली एकवीस गेली, डॉक्टर. ज्यास्नी काय बी झालं नव्हतं, ती बी गेली. जावंकडं औषध पोचवायचं राहिलं. तिथं दोघांस्नी ढाळ होते. त्यातलं एक गेलं, बाकीची पाच उड्या मारत्यात." मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "औषध तर बाधलं नसंल?"

मी "छे छे" म्हणालो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आजारी पिल्ले दगावली हे समजण्यासारखे होते. पण धडधाकट वीस पिल्ले औषध दिल्यावर आजारी का पडली? आणि औषध न मिळालेली का वाचली? दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या पशुवैद्य मित्राला फोन केला. सगळे ऐकून तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "अरे, सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन? ते त्याला विष आहे." कसे, ते समजून घ्यायचे असेल तर सशाच्या पोटात डोकावावे लागेल.

सशाचे पोट कसे चालते?

गाय-म्हैस चारा खाते, तो पहिल्यांदा मोठ्या पोटात कुजवते आणि मग निवांत रवंथ करते. ससाही गवतच खातो, पण त्याला रवंथ करता येत नाही. गवत कुजवण्याची त्याची सोय पोटाच्या शेवटी आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळते तिथे एक पिशवीसारखा भाग असतो. त्याला आपण आंधळे आतडे म्हणू. आपल्या शरीरात हा भाग अगदी लहान असतो आणि त्याला जोडलेले अपेंडिक्सचे शेपूट दुखू लागले की मगच आपल्याला त्याची आठवण होते. सशात मात्र हे आंधळे आतडे पोटातला सर्वांत मोठा अवयव असते. अन्नमार्गात जेवढा ऐवज मावतो, त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या या पिशवीत असतो.

या पिशवीत अब्जावधी उपकारक जंतू राहतात. गवताचा बारीक चोथा ते आंबवतात, त्यातून सशाला ताकद मिळते आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वेही तयार होतात. चोथ्याचे जाड तुकडे मात्र पिशवीत जात नाहीत. ते आपल्याला दिसणाऱ्या टणक, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. पिशवीत तयार झालेला माल ससा वाया घालवत नाही. रात्री किंवा पहाटे तो मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या टाकतो आणि त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन तिथल्या तिथे खातो. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने १८८२ साली याचे शास्त्रीय वर्णन केले. घरात ससा पाळणाऱ्या अनेकांना हे पाहून किळस येते, काही जण त्याला मारतातही. कृपा करून तसे करू नका. गाय जशी रवंथ करते, तसाच हा प्रकार आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सशाला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात गेलेली वाईट वस्तू तोंडावाटे परत येत नाही. आणि त्याचे आतडे चालते राहते ते चोथ्यामुळे. चोथा कमी पडला की आतडे मंदावते. आतडे मंदावले की पिशवीतला माल साचतो, नासतो आणि तिथे भलतेच जंतू माजतात.

जुलाब कोणत्या जंतूंमुळे होतात?

आईपासून तोडलेल्या, म्हणजे साधारण चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त धोका असतो. मोठ्या सशाच्या जठरात कडक आम्ल असते आणि त्यात बहुतेक जंतू मरतात. पिल्लाच्या जठरातले आम्ल अजून सौम्य असते. दूध पीत असताना आईच्या दुधातून तयार होणारे स्निग्ध पदार्थ जंतूंना आवर घालतात. दूध तुटले की ते संरक्षण जाते आणि आम्लाचे संरक्षण अजून यायचे असते. या मधल्या दिवसांतच आपण हौसेने त्याला भाकरीचा कुस्करा, मक्याचा भरडा, बिस्किटे चारू लागतो.

आता मुख्य जंतू पाहू.

पहिला क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी. सूक्ष्मदर्शकाखाली हा वळवलेल्या तारेसारखा दिसतो. निरोगी सशाच्या पोटात याला जागा मिळत नाही. परंतु पिठूळ खाण्यामुळे, चोथा कमी पडल्यामुळे किंवा चुकीच्या औषधामुळे उपकारक जंतू मेले की हा भराभर वाढतो आणि एक जहाल विष सोडतो. पाण्यासारखे जुलाब होतात, पिल्लू गारठते आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत संपते. काही वेळा तर जुलाब दिसायच्या आधीच सकाळी पिंजऱ्यात मेलेले सापडते.

दुसरा ई. कोलाय. याच्या अनेक जाती आहेत. काही निरुपद्रवी असतात, तर काही आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून ते खराब करतात. अगदी तान्ह्या पिल्लांत पिवळे पातळ जुलाब होऊन एकाच वेतातली सगळी पिल्ले जाऊ शकतात. दूध तोडल्यानंतरच्या दिवसांतही हा त्रास देतो.

तिसरा टायझरचा रोग. अर्नेस्ट टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१७ साली तो प्रथम उंदरांत वर्णन केला. हा जंतू बीजरूपाने गवतात, अंथरलेल्या भुशात, पिंजऱ्याच्या सांदीकोपऱ्यात दीर्घकाळ टिकून राहतो. गर्दी, उकाडा, लांबचा प्रवास यांनी पिल्ले शिणली की तो उचल खातो. यातून जी वाचतात ती पुढेही खुरटलेलीच राहतात.

याशिवाय जुलाबांचे एक मोठे कारण जंतूंच्या गटात बसतच नाही. ते म्हणजे कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी. सतराव्या शतकात हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्या साध्या भिंगातून सशाच्या पित्तात जे बारीक दाणे पाहिले, ते याच परजीवीची अंडी होती असे मानतात. आपल्याकडच्या दमट हवेत आणि ओल्या पिंजऱ्यांत तो फार आढळतो. त्याचे औषध वेगळे असते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी जुलाब पाहून "अमुक औषध द्या" असे सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे. ताज्या लेंडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी, आणि पिल्लू मेलेच असेल तर पशुवैद्याकडून त्याचे शवविच्छेदन करून घ्यायला हवे. एका मेलेल्या पिल्लाच्या तपासणीने बाकीची वाचतात.

मग औषधाने काय बिघडवले?

माझ्या चुकीचे मर्म इथे आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिनच्या गोळ्या, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली की ती सशाच्या आंधळ्या आतड्यातल्या उपकारक जंतूंचा फडशा पाडतात. शेतातले उभे पीक कापून न्यावे आणि मोकळ्या रानात तण माजावे, तसे मग घडते. हे तण म्हणजे वर सांगितलेला तारेसारखा जंतू. त्याचे विष आतड्याचे अस्तर खरवडते, ते रक्तात भिनते आणि ससा मरतो. औषध बंद केल्यानंतरही काही दिवस हा धोका राहतो.

म्हणजे बाईंच्या चार पिल्लांना मुळात खाण्यातल्या बदलामुळे जुलाब लागले असावेत. घरी मक्याचा भरडा भरपूर होता. जावेकडे भरडा नव्हता, नुसते गवत होते. चारांचा आजार माझ्या सल्ल्याने चोविसांच्या घशात गेला.

गंमत अशी की औषध तेच असले तरी ते कोणत्या वाटेने दिले यानेही फरक पडतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ साली पेनिसिलिनवरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ते सशाच्या शिरेत टोचल्याची नोंद आहे. त्या सशाला काही अपाय झाला नाही. आजही काही रोगांत पशुवैद्य सशाला पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. परंतु तेच तोंडावाटे गेले तर प्राणावर बेतते. प्राण्याप्राण्यांतही असाच फरक आहे. ऑक्सफर्डमध्ये मे १९४० मध्ये आठ उंदरांना जहाल जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, बाकीचे चार मेले. या प्रयोगातून जगाला नवे औषध मिळाले. पुढे १९४३ साली गिनीपिगला पेनिसिलिन दिल्यावर ते मरतात असे प्रसिद्ध झाले. उंदराला अमृत ते गिनीपिगला विष!

माणसालाही हा धडा लागू आहे

"ससा मेला, आमचे काय?" असे म्हणून पान उलटू नका. आपल्या मोठ्या आतड्यातही उपकारक जंतूंची वस्ती आहे. आपण ससा नाही, म्हणून अमॉक्सिसिलिनने सहसा जिवावर बेतत नाही. पण अनेकांना प्रतिजैविक घेतल्यावर पोट बिघडल्याचा अनुभव असतो. काही थोड्या रुग्णांत, विशेषतः वयस्कर आणि फार दिवस रुग्णालयात राहिलेल्यांत, प्रतिजैविकांनंतर तीव्र हगवण लागते आणि मोठ्या आतड्यावर पिवळट साय धरते. त्याचे कारण बरीच वर्षे कळत नव्हते. १९७७-७८ साली अमेरिकेत जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हॅमस्टर या प्राण्यात आणि मग माणसात याचा छडा लावला. गुन्हेगार निघाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिली, म्हणजे सशाला मारणाऱ्या जंतूचाच भाऊबंद. हा जंतू १९३५ पासून माहीत होता. पण तो निरोगी तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला असल्याने त्याच्यावर कोणाचा संशय गेला नव्हता.

म्हणून माझे वाचकांना कळकळीचे सांगणे आहे. लहान मुलांचे बहुतेक साधे, पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही. तिथे खरे औषध जलसंजीवनी. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज २० मिलिग्रॅम जस्त १४ दिवस द्यावे. शीतून रक्त पडत असेल, मूल सुस्त झाले असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर मात्र घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा. मागच्या आजारातली उरलेली बाटली फडताळात ठेवून पुढच्या आजारात काढू नये. शेजाऱ्याच्या मुलाला देऊ नये, आणि आता तुम्हाला कळलेच आहे, सशालाही देऊ नये.

कलकत्त्याचे ससे

सशाच्या आतड्याचे मानवजातीवर एक फार मोठे ऋण आहे आणि ती गोष्ट आपल्याच देशात घडली, म्हणून इथे सांगतो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला आणि हा जंतू एखादे विष सोडत असावा असा तर्क केला. पण ते विष कोणाच्या हाती लागेना. जंतू रक्तात टोचून पाहिले, तरी खरी पटकी काही प्रयोगशाळेत उतरेना.

कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी साधी युक्ती केली. रोग आतड्यात होतो, तर जंतू आतड्यातच ठेवून पाहू, असा त्यांचा विचार होता. त्यांनी सशाला भूल देऊन त्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद नळीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी ती नळी पाण्याने टम्म फुगलेली होती. पटकीच्या रुग्णाला भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात, तसेच ते पाणी होते. हे काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये त्यांनी हीच पद्धत वापरून काही जातींचे ई. कोलायही असाच परिणाम करतात हे दाखवले. आणि १९५९ साली जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही आतडे फुगते हे सिद्ध केले. जंतू नाहीत तरी पाणी सुटते, याचा अर्थ त्यांनी सोडलेले विष त्या द्रवात आहे. कॉखचा तर्क ७५ वर्षांनी खरा ठरला.

या शोधाचा अर्थ असा की पटकीत आतड्याचे अस्तर फाटत नाही. विषामुळे ते पाणी आणि क्षार बाहेर सोडू लागते. म्हणजे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढले तर रोगी वाचतो. साखरेच्या जोडीने मीठ आणि पाणी आतडे शोषून घेते हे इतर संशोधकांनी दाखवले, आणि १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात कालवलेल्या जलसंजीवनीने हजारो लोक वाचवले. डॉ. डे यांना नोबेल मिळाले नाही. १९८५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव आपल्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मुलाला जलसंजीवनी पाजताना त्यांची आणि त्यांच्या सशांची एकदा आठवण काढायला हरकत नाही.

ससे पाळणाऱ्यांनी काय करावे?

माझ्या पशुवैद्य मित्राने सांगितलेल्या गोष्टी मी लिहून ठेवल्या होत्या. त्या आता त्याच्याकडून पुन्हा तपासून घेऊन देत आहे.

१) आहारात वाळलेले गवत मुख्य असावे आणि ते पिंजऱ्यात चोवीस तास हवे. लसूणघास, मेथी, कोबीचा पाला, गाजर हे सगळे बेताने. भरडा, भाकरी, बिस्किटे, गूळ शक्यतो टाळावे. तयार खुराक देत असाल तर तो मोजून द्यावा.

२) खाण्यात बदल करायचा असेल तर एकदम करू नये. आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा. पिल्ले आईपासून तोडताना ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

३) ओले, तापलेले किंवा बुरशी आलेले गवत देऊ नये. पावसाळ्यात गवत निथळून, सुकवून मगच द्यावे.

४) पिंजऱ्याला खालून जाळी असावी म्हणजे लेंड्या खाली पडतात. पिंजरा कोरडा ठेवावा, गर्दी करू नये. पाण्याची भांडी रोज घासावीत. रोगानंतर लोखंडी पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा.

५) ससा बारा तास काही खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, पाठ वाकवून कोपऱ्यात बसला असेल, दात खात असेल, पोट फुगले असेल किंवा शेपटीखालचे केस भरले असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. "उद्या बघू" म्हटले की उद्या बघायला ससा राहत नाही.

६) आजारी पिल्लू ताबडतोब वेगळे करावे, उबेत ठेवावे, समोर पाणी आणि गवत ठेवावे. माणसाचे कोणतेही औषध देऊ नये. सशाला चालणारी प्रतिजैविके आहेत, पण ती निवडण्याचे काम पशुवैद्याचे आहे.

७) मेलेली पिल्ले ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. चुना घालून खोल पुरावीत.

घरातल्या माणसांना धोका आहे का?

सशाला मारणारे हे जंतू सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत. पण सशाच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू क्वचित माणसाकडे येऊ शकतात. त्यामुळे ससा हाताळल्यावर, पिंजरा झाडल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांनी सशाला खेळवून तेच हात तोंडात घालू नयेत. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. घरात सशाला आणि माणसाला एकाच वेळी जुलाब लागले, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. जाता जाता आणखी एक गोष्ट. रानातला ससा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याची पिल्ले पकडून आणून घरी वाढवणे हा गुन्हा आहे आणि ती सहसा जगतही नाहीत.

पुढे काय झाले?

मित्राशी बोलल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. परसात रिकामे पिंजरे धुऊन उलटे टाकले होते. मी सांगितले, "मावशी, चूक माझी आहे. ते औषध सशाला चालत नाही. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही." एकवीस पिल्लांचे पैसे मी पुढे केले. त्यांनी बराच वेळ पैशांना हात लावला नाही. मग म्हणाल्या, "ढाळ आमच्या घरचं, औषध तुमचं. धाचं द्या. अकराचं माझं." मी कितीही सांगितले तरी त्यांनी त्याहून एक रुपया जास्त घेतला नाही.

बाईंनी ससे सोडले नाहीत. जावेकडची पाच आणि घरची तीन मिळून आठ पिल्लांवर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, भरडा बंद केला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणे-येणे ठेवले. बचत गटाचे कर्ज त्यांनी उशिरा, पण पुरे फेडले.

माझ्या तपासणीच्या टेबलावर तेव्हापासून काचेखाली सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा लिहिलेला कागद आहे. आजही महिन्यातून एखादा तरी गृहस्थ विचारतो, "डॉक्टर, कुत्र्याला ही गोळी दिली तर चालेल का?", "शेळीला हे पाजू का?" मी त्याला तो कागद दाखवतो आणि म्हणतो, "मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जा." असे म्हणायला शिकायला मला एकवीस ससे लागले. वाचकांना तेच या लेखाच्या किमतीत मिळावे एवढीच इच्छा.